चावडीतली रिकामी गादी आणि मी

बीदरचा किल्ला बघायला निघालो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं किल्ला येत नाही.

उदगीरहून सकाळी भालकी गाठली. सीमा ओलांडली की पाट्या कन्नड होतात, बसमधली भांडणं मात्र मराठीतच चालतात. कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये तिथल्या बायकांना पैसे पडत नाहीत. भालकीला बस बदलली तर गाडी बायकांनी भरलेली, आणि खिसा चाचपणारा जवळपास मी एकटाच. शेजारच्या अक्कांना दया आली. त्यांनी ओंजळभर भाजलेल्या शेंगा दिल्या.

"कुठं जायलास?"

"बीदर. किल्ला."

"किल्ला काय पळून जायलाय व्हय? आमच्या गावात उतर. भाकर अन् पुंडीची भाजी खाऊन जा."

पुंडी म्हणजे आपली अंबाडी. मी उतरलो. गावाचं नाव विचारू नका, मला परत जायचंय तिथं.

चालता चालता कळलं, या अक्का म्हणजे शांताक्का, ग्रामपंचायतीच्या अध्यक्षा, आपल्याकडच्या सरपंच. त्यांची बौद्ध वस्ती गावाच्या टोकाला, तिथं नळाचं पाणी पोचेस्तोवर त्याचं थेंब थेंब होतं. नवी टाकी वस्तीजवळ व्हावी म्हणून त्या प्रत्येक सभेत बोलतात. आजही सभा होती.

"मग होत कामून नाही?"

"बघशील," म्हणाल्या, आणि मला चावडीत थांबायला सांगून भाकरी थापायला गेल्या.

चावडीत समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मधे उंच दगडी कट्टा. कट्ट्यावर धुतलेली चादर, गादी, लोड, आणि बरोबर वर पंखा. मी बूट काढले आणि आडवा झालो.

जाग आली तेव्हा गाव जमलं होतं. एका म्हाताऱ्या अप्पांनी हात जोडले. "मालक, पुण्याहून कवा आलात?"

भानगड मला नंतर कळली. इंग्रजांनी त्यांच्या मुलखात पाटील-पटवाऱ्यांची सरकारी चौकट पक्की केली, तिचा कित्ता निजामाच्या राज्यातही गिरवला गेला. ही गादी इथल्या पाटलाची; सारा, तंटा, फिर्याद, सगळं तिच्यासमोर. पुढं निजाम गेला, पाटीलकी गेली, मतपेटी आली, पाटलांचा लहानपणीच गाव सोडलेला नातू पुण्याला कॉम्प्युटरपुढं जाऊन बसला. गादी राहिली. दर सभेला तिची चादर बदलतात आणि ती मानाची म्हणून रिकामी ठेवतात. अध्यक्षा बाजूला खुर्चीत. अवघड विषय निघाला की लोक गादीकडं बघतात. गादी काही बोलत नाही. विषय पुढच्या सभेला जातो.

आज गादीवर माणूस होता.

"मालक, टाकी कुठं बांधायची, तुमीच सांगा," अप्पा म्हणाले.

इतकं वजन माझ्या शब्दाला आयुष्यात कधी आलं नव्हतं. वस्तीजवळ बांधा, म्हणायला मी तोंड उघडलंच, तेवढ्यात दारातून अक्का ओरडल्या. "गप! तू सांगितलास तर ती मालकाची टाकी हुईल!" मग सभेकडं वळून, "हे पाटील न्हाईत. उदगीरचे हायत, माझे पाव्हणे. जेवायला आलेत."

"मग गादीवर कसा बसला?"

"बसला न्हाई, झोपला. आभाळ पडलं का?"

सभेतल्या दोघा-तिघांनी खरंच वर बघितलं. पंखा फिरत होता.

"सरक," अक्का मला म्हणाल्या आणि भाकरीचा डबा मांडीवर घेऊन शेजारी बसल्या. "आता हात वर करा. टाकी वस्तीजवळ, कोण कोण व्हय म्हणतंय?"

आधी बायकांचे हात वर गेले, मग मागच्या रांगेतले. अप्पांनी सवयीनं गादीकडं बघितलं. गादीवरून अक्का त्यांच्याकडं बघत होत्या. अप्पांचाही हात वर गेला, हळूच.

भाकर गार झाली होती, पण भाजी झकास. बीदरची शेवटची बस चुकली, उदगीरची मिळाली.

घरी बाबांनी विचारलं, "किल्ला कसा होता?"

म्हणालो, "दगडी. वर पंखा."

परवा अक्कांचा फोन आला. टाकीचा पाया खणलाय, आणि आता सभेत त्या गादीवरच बसतात.

"मग तुमची जुनी खुर्ची?"

"तिच्यावर कोण बसायला तयार न्हाई. अध्यक्षाची म्हनत्यात. दर सभेला पुसून रिकामी ठेवत्यात."