दौलतच्या नावाची सायकल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही—तिथं तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत बसतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही दौलतला ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट सायकलीची आहे. म्हणजे तशी आनंदाचीच. आजही ती आठवली की पोटात गुदगुल्या होतात—आणि लाज वाटते ती त्याचीच.

दौलत माझा शाळेपासूनचा मित्र. मखमलाबादला त्यांचा मळा, झेंडू आणि शेवंतीचा. रोज पहाटे काळ्या सायकलीच्या दोन्ही बाजूंना फुलांच्या पाट्या बांधून तो नाशिकच्या फुलबाजारात यायचा. उंची सहा फूट. कुठलीही सायकल त्याला तोकडीच व्हायची, गुडघे हँडलला लागायचे. आम्ही त्याला उंट म्हणायचो. आणि या उंटाच्या डोक्यात एकच खूळ—सायकलवरून कन्याकुमारी! दिवाळीनंतर झेंडू संपला की चाळीस दिवस मळा बघायला त्याचा धाकटा भाऊ कबूल झाला होता. त्या एकाच वर्षी. पुढच्या वर्षी भाऊ नोकरीला लागणार होता.

साल दोन हजार चार-पाच असेल. ई-मेल माझ्याकडे होता, दौलतकडे नव्हता. तेव्हा असंच चालायचं ना? सगळ्या कंपूत एकाचा ई-मेल, आणि बाकीच्यांचं सगळं त्याच्याच पत्त्यावर. त्यामुळे दौलतसाठी लांब पल्ल्याची, मोठ्या फ्रेमची जुनी सायकल शोधायचं काम आपसूकच माझ्याकडे आलं. तीन महिने मी ऑफिस सुटलं की सायबर कॅफेत. पुण्याची, बंगळूरची, दिल्लीची—एक लहान, एक गंजकी, एक विकून गेलेली.

आणि एका संध्याकाळी सापडली! फोटो वरून खाली, पट्टी-पट्टीने उघडत होता. आधी मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल दिसलं. मग हिरवी स्टीलची फ्रेम. मग पुढे एक कॅरिअर, मागे एक कॅरिअर, बाटल्यांना तीन कड्या... मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. शेजारी कुणीतरी रिझल्ट बघत होता, तो बिचारा दचकला. एक परदेशी माणूस अर्धं जग पालथं घालून ध्यानाच्या शिबिराला आला होता आणि आता सायकल विकून विमानानं घरी जाणार होता. आणि आला कुठे होता? इगतपुरीला! म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा!

दुसऱ्या दिवशी दौलतला शेजारी बसवलं. तो सांगत गेला, मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत टाइप करत गेलो—मळा, पाट्या, कन्याकुमारी, चाळीस दिवस, सहा फूट उंची. खाली नाव दौलतचं. उठताना त्यानं त्या कॉम्प्युटरच्या पडद्याला हळूच हात लावून नमस्कार केला.

उत्तर चार दिवसांनी आलं. मी एकटाच होतो. त्या माणसानं लिहिलं होतं—आणखी दोघांनी मागणी घातली आहे, ते जास्त पैसेही देतील; पण तुझं पत्र वाचलं आणि ठरवलं, सायकल तुलाच. रविवारी ये.

मी दौलतला सांगितलं, उत्तर आलं नाही. विकली गेली असेल.

झालं. सांगून टाकलं. पण तुम्ही विचाराल—का? दौलतशी वैर होतं? नाही. मला लांब कुठे जायचं होतं? छे, मी पंचवटीतून ऑफिसला स्कूटरवर जाणारा माणूस. मला ती सायकल हवी होती, बस्स. मित्रासाठी मुलगी बघायला जावं आणि आपणच बोहल्यावर चढावं, तशातली गत.

रविवारी इगतपुरीला उतरलो. लॉजच्या ओट्यावर तो उंच, दाढीवाला माणूस फडक्यानं सायकल पुसत बसला होता. मला पाहून हसला. म्हणाला, "दौलत?"

मी म्हटलं, "हो."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पत्रात सहा फूट, आणि समोर मी—पाच फूट चार इंच! कच्च्या इंग्रजीमुळे पत्रात उंची चुकली असेल असं समजून तो बिचारा मोठ्यानं हसला आणि पान्यानं सीट खाली खाली घेत गेला, पार तळाला टेकेपर्यंत. लॉजवाल्या मावशी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "ह्यो तर लय बुटका हाय. पाय तरी पुरतील का रं?" निघताना त्यानं मला मिठी मारली. म्हणाला, प्रत्येक मुक्कामावरून पत्र टाक.

आणि मग तो नाशिकचा रस्ता! घोटी केव्हा मागे पडली कळलंसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना भात पिवळा पडत आलेला, पाठीवर वारा, आणि गिअर बदलला की नुसता किर्र असा बारीक आवाज. पाय पुरत नव्हते, कंबर डावी-उजवी होत होती, आणि मी वेड्यासारखा एकटाच ओरडत होतो. वाडीवऱ्हेपर्यंत मला दौलत एकदाही आठवला नाही. हे खोटं सांगता आलं असतं, नाही का? पण नाही आठवला.

घरी आईला सांगितलं, ऑफिसातल्या एकाची आहे, ठेवायला दिलीय. मागच्या बोळात चादर घालून ठेवली.

दसऱ्याला सकाळीच दौलत दारात. हातात झेंडूचा हार, चांगला जाडजूड. आमच्याकडे दसऱ्याला गाडीला हार घालतात. नवी सायकल आली की दसऱ्याला तिला असाच हार घालायचा, असं त्यानं कधीचं ठरवून ठेवलं होतं. म्हणाला, "नाय आली तर नाय आली. तुझ्या स्कूटरला घाल. लय डोकं फोडलंस तू माझ्यापायी." स्वतःच्या हातानं घालून, आईच्या हातचा चहा पिऊन तो गेला. तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी थांबलो. मग स्कूटरवरचा हार काढला आणि मागच्या बोळात नेऊन सायकलीला घातला.

याहून वाईट काही नसेल असं वाटतंय ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं.

दिवाळीनंतर त्या माणसाचं पत्र आलं: दौलत, निघालास का? कुठवर पोचलास? गप्प बसता आलं असतं. मी कॅफेत नकाशा उघडला आणि लिहिलं—साताऱ्यात आहे. मग कोल्हापूर. मग बेळगाव, कारवार, मंगळूर. पंक्चर झाल्याचं लिहिलं, एका शाळेच्या व्हरांड्यात झोपल्याचं लिहिलं, उडपीत कुणीतरी पोटभर जेवू घातल्याचं लिहिलं. खरं सांगू? फार मजा येत होती. आठवड्यातून दोनदा मी दौलत होऊन पुढे पुढे जात होतो. आणि खरा दौलत त्याच दिवसांत रोज पहाटे काळ्या सायकलीवर पाट्या बांधून फुलबाजारात येत होता. भावानं कबूल केलेले चाळीस दिवस एकेक करून संपत होते.

चाळिसाव्या दिवशी मी कन्याकुमारीला पोचलो. गुडघाभर पाण्यात उभं राहिल्याचं लिहिलं, मळ्यातून जपून आणलेली झेंडूची सुकी फुलं लाटेवर सोडल्याचं लिहिलं. त्याचं उत्तर आलं—हे पत्र मी माझ्या म्हाताऱ्या वडिलांना वाचून दाखवलं, आम्ही दोघंही रडलो.

परवा दौलत बाजारात भेटला. आता पन्नाशी उलटलीय, गुडघे गेलेत, टेम्पोतून माल आणतो. मी उगीचच विचारलं, कधी समुद्रावर गेलास का रे? तो हसला आणि म्हणाला, "कुठं? नाय जमलं."