कणकेतली मूठ

आमचे इथले, इंग्लंडमधल्या वॉटफर्डचे, शेजारी डीटर कधी तोंडाकडे बघायचेच नाहीत; आधी हाताकडे बघायचे. पहिल्या भेटीत मी कुंपणावरून शेकहँडला हात पुढे केला, तर तो सोडतील तर शपथ! उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "अंगठा केव्हापासून दुखतोय?" घरात मी कुणालाच बोलले नव्हते हो.

मूळचे जर्मनीचे. तरुणपणी चर्चसाठी संतांचे लाकडी पुतळे घडवायचे. लग्न करून इकडे आले. इथे पुतळे कोण घेणार? मग करवती, किटल्या, कुबड्या यांच्या नव्या नव्या मुठी शोधून काढायला लागले. एका कुबडीचं पेटंटही होतं त्यांच्या नावावर. म्हणायचे, "संतांचे हात रिकामे. मला काम करणारे हात आवडतात."

संधिवातानं माझं लाटणं सुटलं होतं. सून म्हणायची, "आई, फ्रोझन पोळ्या आणू या ना वेम्बलीहून, व्हाय बॉदर?" बरोबरच होतं तिचं. पण मला आपलं वाटायचं, आता या घरात आपण पाहुण्या.

डीटरनी माझ्या हाताचा प्लास्टरमध्ये साचा घेतला आणि सुरेख मुठींचं लाटणं करून आणलं. दोन पोळ्यांतच बोटं ठणकली. भिडेनं मी म्हटलं, "छान आहे."

"खोटं बोलताय. अंगठा ओरडतोय तुमचा." मग स्वतःशीच म्हणाले, "बसलेल्या हाताचा साचा घेतला मी, मूर्ख! कामातला हात वेगळा असतो."

माझीच कणीक उचलून त्यांनी लाटण्याच्या दोन्ही टोकांना थापली. "आता लाटा." मी लाटलं, तशी कणकेत माझी बोटं उमटली. त्यावरून केलेल्या लाटण्यानं मी आजही पोळ्या करते.

पुढे त्यांचेच हात थरथरायला लागले. त्यांना केअर होममध्ये ठेवलं. तिथे नर्स भरवायला आली की तोंड फिरवायचे. एकदा मी डब्यातून कणकेचा गोळा नेला, चमच्याच्या दांड्याला थापला. "धरा."

"मिसेस साठे, ही माझी आयडिया! चोरी आहे ही."

"तक्रार नंतर करा. आधी सूप प्या."

निम्मं सांडलं. निम्मं पोटात गेलं, पण स्वतःच्या हातानं!

या हिवाळ्यात डीटर गेले. तो चमचा माझ्याकडे आहे. कणीक वाळून दगड झालीय. चार बोटं खोल रुतलीत. अंगठा मात्र जेमतेम टेकलेला.

म्हणजे त्यांचाही दुखत होता. बोलले नाहीत कधी.