अंगठा जागेवर आला

आमच्या शेजारी एका बड्या उद्योगपतीचा ड्रायव्हर राहतो. त्याचे वडील आजारी पडले, तेव्हा साहेब स्वतः चिंचवडला बघायला आले आणि जाता जाता आमच्या उघड्या दारातून आत डोकावले. दिवसाढवळ्या दार लावून कोण बसतंय!

भिंतीवर मी काढलेलं चित्र होतं. पहिल्या शिफ्टचा डबा भरणारी बाई. आमचे हे चाकणला कामाला होते तेव्हा मशीनच्या खोक्याचं प्लायवूड घरी आणायचे, त्यावर काढलेलं. साहेब बूट काढून आत आले ते त्या चित्रासमोरून हलेचनात.

ड्रायव्हर हळूच म्हणाला, "काकू, साहेबांच्या बंगल्यात भिंत दिसत न्हाई, इतकी चित्रं हायेत."

मी म्हटलं, बरं झालं, जाणकार भेटला. घरचे म्हणतात छान, शेजारणी म्हणतात छान. चूक म्हणून कुणी सांगत नाही. विचारलं, "साहेब, यात काय चुकलंय हो?"

"काहीच नाही, आजी. मला हवंय हे. रविवारी न्यायला येतो."

काहीच नाही कसं? त्या बाईच्या उजव्या हाताचा अंगठा चक्क उलट्या बाजूला होता! मला तो वर्षानुवर्षं खुपत होता, पण सुधारायचा कसा ते कळत नव्हतं. नुकतेच आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक निवृत्त चित्रकला शिक्षक हात काढायला शिकवू लागले होते. मग मी ब्रश घेऊन बसले. आपण कुणाला साडी दिली तरी फॉल लावून देतो, मग चित्र तसंच कसं द्यायचं? आठवडाभर स्वयंपाक सुनेवर टाकला आणि अंगठा जागेवर आणला.

रविवारी साहेब आले. चित्र बघितलं आणि चेहराच उतरला त्यांचा.

"आजी, अंगठा कुठे गेला?"

"जिथे असायला हवा तिथे गेला!"

"अहो, तोच तर जीव होता चित्राचा. न शिकलेल्या हाताचा निरागसपणा होता त्यात."

"मी एकोणसत्तर वर्षांची आहे. आणखी किती दिवस निरागस राहू?"

तर म्हणतात कसे, "वरचा रंग अलगद काढता येईल का?"

मग मात्र माझं डोकं फिरलं. माझा उजवा हात चित्राशेजारी धरला. "बघा नीट. बरोबर आहे की नाही?"

बराच वेळ बघून म्हणाले, "बरोबर आहे."

"मग?"

साहेबांनी चहा घेतला आणि रिकाम्या हाताने गेले. ड्रायव्हर मागे रेंगाळला. "काकू, वाकडाच ठिवायचा ना!"

"तू गाडी वाकडी चालव आणि मग ये मला शिकवायला."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मोठ्या घरात लागलं असतं चित्र. गुरुवारी रिक्षात घालून ते क्लासला नेलं. गुरुजींनी चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, "अंगठा जमला. कोपर मात्र लाटण्यासारखं झालंय."

काय सांगू, इतकं बरं वाटलं! खडूने तिथल्या तिथे खूण करून घेतली.