माणसं किती

माझ्या बायकोच्या, सुमनच्या, पाककृती लेकीने एक्सएमएल फाइलमध्ये टाइप करून ठेवल्या होत्या. सुमन गेल्यावर त्यांची नीट पानं छापावीत म्हणून मी सदुसष्टाव्या वर्षी एक्सएसएलटी ही संगणकाची भाषा शिकायला बसलो. स्टाइलशीटमध्ये साचा लिहिला की फाइलमधला मजकूर आपापल्या जागी येतो, एवढं आठवड्याभरात जमलं. मग लेकीने फोनवर पॅरामीटर समजावला.

"बाबा, माणसं किती ते साच्याला बाहेरून कळवायचं, तो मापं काढतो. काही नाही कळवलं तर चार धरेल. आईने सगळं चौघांचंच सांगितलंय."

मी 'एक' हा आकडा पाठवला. पान आलं. आमटीला पाव वाटी डाळ, अर्धी मिरची, गुळाचा एवढासा खडा.

"आलं का बरोबर?"

"आलं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

लेक सासरी गेली, मुलगा परदेशी गेला, तेव्हा सुमनने डाळीचं माप कधी कमी केलं, मला कळलंही नव्हतं. तिने एकटीनेच केलं असणार.

मग काहीच न पाठवता पान काढलं, तशीच आमटी केली आणि शेजारच्या मोघ्यांना डबा नेऊन दिला.

"आज काय विशेष?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, "आमच्याकडे मापच एवढं आहे."