मोठ्या मनाचा जावई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, दोन पेग पोटात गेल्यावर मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मलाही ओळखत नाही आणि नानांनाही.

आधी माझं सांगतो. मी भित्रा माणूस नाही. इंदूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या, ओळखीतली अर्धी घरं हवालदिल झाली होती, तेव्हा मी परदेशी टीव्हीची एजन्सी घेतली आणि चालवून दाखवली. सुदामानगरात घर बांधलं. बैठकीत समुद्र आणून ठेवला — हो, समुद्रच. खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी, तीत मुंबईहून मागवलेले खडक, जिवंत पोवळी, दोन लाल कोळंब्या, गोगलगायी आणि नारिंगी पट्ट्यांचे मासे. लोक चहाला म्हणून यायचे आणि टाकीपुढून हलायचे नाहीत. मला ते आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

नाना माझे सासरे. गिरणीच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. गिरणी बंद झाली, सासूबाई आधीच गेलेल्या, तेव्हा सुनीताने — माझ्या बायकोने — त्यांना आमच्याकडे आणलं. जावयाच्या घरी राहणं म्हणजे काय, हे आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. त्यांना कुणी कमी-जास्त बोललं नाही, पण दुसरी पोळी घेताना ते माझ्याकडे बघायचे. काहीतरी काम केल्याशिवाय त्यांना घास उतरायचा नाही. म्हणून त्यांनी टाकी हातात घेतली.

टाकीत शेवाळ धरलं होतं. हिरवं, केसांसारखं लांब. दोष माझाच — उडून गेलेलं पाणी मी सरळ बोअरिंगच्या पाण्याने भरत होतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून दिवे तासन्‌तास जळत ठेवत होतो. खडक झाकले, मग ते पोवळ्यांवर चढलं. नाना रोज सकाळी बाही वर करून बसायचे. जुन्या टूथब्रशला शेवाळ गुंडाळायचं आणि अलगद ओढायचं, मग माशांना चिमूटभर खाणं टाकायचं. त्यानंतर ते जेवायला बसायचे, आणि हळूहळू माझ्याकडे न बघता पोळी मागायला लागले. हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणूनच पुढचं जास्त वाईट आहे.

शेवाळ कमी होत होतं. पण मला घाई होती. कंपनीचे मोठे साहेब दिल्लीहून येणार होते, जेवायला माझ्याकडे. हिरव्या झिपऱ्या वाढलेला समुद्र त्यांना कसा दाखवायचा? नाना म्हणाले, "जावईबापू, जल्दी कशाला करता? रोज थोडं-थोडं निघतंय ना."

मी सियागंजच्या बाजारात गेलो. हौदातलं शेवाळ घालवायला लोक मोरचूद टाकतात, एवढं मला ठाऊक होतं. दुकानदार म्हणाला, "ले जाओ भिया, नीला थोथा डालो, हौद एकदम साफ." टाकीत प्राणी आहेत हे मी त्याला सांगितलंच नाही. ज्याच्याकडून सगळं मागवलं होतं, त्या मुंबईवाल्याला एक फोन केला असता तर? नाही केला. विचारायची मला सवय नव्हती.

साहेब यायच्या आदल्या दिवशी नानांनी माशांना खाणं घातलं आणि ते आंघोळीला गेले. मी ती निळी पूड पाण्यात विरघळवून टाकीत ओतली, हात धुतले आणि ऑफिसला निघून गेलो.

संध्याकाळी घरी आलो तर कोळंब्या आडव्या पडलेल्या. गोगलगायी काचेवरून सुटून तळाला. पोवळी आकसून बुळबुळीत झालेली. मासे तेवढे फिरत होते. मोरचूद मासे सोसतात, बाकीचे जीव सोसत नाहीत — हे मला नंतर कळलं. टाकीपाशी सुनीता आणि शेजारचं जोडपं उभं होतं, नाना स्टुलावर बसले होते. मला बघताच उठले.

"माझ्याच हातून सकाळी खाणं ज्यादा पडलं, जावईबापू."

आता तुम्हीच सांगा, किती अवघड होतं? नाही नाना, मी टाकलं — एवढंच म्हणायचं होतं. आणि मी गप्प राहिलो असतो, तर भित्रा म्हणून सुटलो असतो. पण मी बोललो. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांसमोर, स्वच्छ आवाजात म्हणालो, "असू दे नाना. वयोमानाने होतं असं. मी काही मनात ठेवणार नाही."

मी त्यांना माफ केलं.

सुनीताच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी म्हणाले, असा जावई नशिबाने मिळतो. आणि खरं सांगू? मला छान वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

नाना त्यानंतर टाकीजवळ फिरकले नाहीत. थोड्याच दिवसांत त्यांनी देवासला मुलाकडे जायचं काढलं. तिथे एकच खोली, सुनेशी पटत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. सुनीताने अडवलं तर म्हणाले, "नको गं. माझ्या हातांचा आता भरोसा नाही." पुढे मी फराळाचा डबा घेऊन देवासला गेलो, तेव्हा ते नातवासाठी दूध ओतत होते. दोन्ही हातांनी पातेली धरलेली. पेला भरल्यावर सुनेला हाक मारून विचारलं, "बघ, ज्यादा तो नाही झालं?" धडधाकट माणूस. हाताला कंप नाही, काही नाही. मी डबा ठेवला, चहा घेतला आणि परत आलो. ते वारले तोवर खरं सांगायला माझ्याकडे कितीतरी वर्षं होती.

मुलीचं लग्न झालं त्या वर्षी दिवाळसणाला आमचे जावई आले होते. वाढता वाढता सुनीताने त्यांना ही गोष्ट सांगितली — टाकी, मेलेल्या कोळंब्या, तिच्या वडिलांची चूक आणि माझं मन केवढं मोठं. जावयांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी हसलो आणि म्हणालो, "त्यात काय एवढं? आपलीच माणसं."