खांद्यावरचा हात

सलूनच्या भिंतीवर ते पोस्टर अजून आहे. आमच्या किशोरांसाठीच्या पॉप संगीताच्या मासिकाचं मधलं पान. गाणारी तीन मुलं, आणि मधल्या मुलाच्या खांद्यावर एक सुटा हात.

"आजोबा, हा हात कुणाचा हो? भुताचा की काय?" सलूनवाल्या दिलीपनं वस्तरा माझ्या गळ्याशी टेकवत विचारलं.

हात नीलाचा. त्या मुलांच्या गाण्यांच्या चाली तिच्याच होत्या. पानाची मांडणी माझी, आणि फोटोतून तिला ब्लेडनं कापलं तेही मीच. अंक पाहून ती ऑफिसात आली तेव्हा मी म्हणालो, "मधल्या पानाच्या घडीवरच्या पिना नेमक्या तुझ्या चेहऱ्यावर आल्या असत्या गं." तिला ते पटलं. वर तिनं माझे आभार मानले.

फोटो इंचभर सरकवला असता तर पिना चुकल्या असत्या. पण जाड चष्म्याची सावळी मुलगी कोण आपल्या खोलीत लावणार, असं मला वाटलं होतं. हात कापायला गेलो असतो तर मुलाचा खांदाही गेला असता, म्हणून तो राहिला. एखाद्याला पुसून टाकलं तरी तो जिथं टेकला होता ती जागा काही पुसता येत नाही.

"हलू नका," दिलीप म्हणाला. मी पोस्टरकडे मान वळवली होती.

"नीलाचा हात आहे तो," मी म्हणालो. "तिला मी कापलं. चेहरा आवडला नाही म्हणून."

वस्तरा थांबला. "कशी दिसायची?"

मी सांगायला लागलो, चष्म्यापासून.