काळ्या साराचा सैल झगा

सिदोनीने आयुष्यात शिंप्याची टेप हातात धरली नाही. चाळीस वर्षं फिरत्या गाडीत संसार केला, खुर्च्यांना वेत विणले, चार मुलींचे लग्नाचे पोशाख शिवले, सगळं सुतळीच्या मापावर. मापाला गाठ मारून सुतळी पोलक्यात खोचली की काम फत्ते. तिचा नवरा बेबेर म्हणायचा, "हिच्या गाठी सुटल्या तर अख्खं घराणं सैल पडेल."

यंदा तिचा साराला नवस होता. सारा म्हणजे आपल्या फिरत्या लोकांची काळी संत; समुद्रकाठच्या चर्चच्या तळघरात तिची मूर्ती असते आणि दर मे महिन्यात बायकांनी नवे झगे चढवले की तिला खांद्यावरून समुद्रात नेतात. जानेवारीत नणंद ओदिलच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा सिदोनी साराला म्हणाली होती, "हिला वाचव, मी शिवलेला झगा घालूनच तू समुद्रावर जाशील." हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? ओदिलशी सहा वर्षं अबोला होता. एका बारशाला ओदिल चारचौघांत म्हणाली होती की वहिनीच्या सशाच्या रश्श्यात लसूणच नाही.

नवसाचं काम, म्हणून सिदोनीने फेब्रुवारीत मुद्दाम वाट वाकडी केली, चर्चच्या तळघरात उतरली आणि साराच्या गळ्याभोवती सुतळी फिरवली. तेव्हा साराच्या अंगावर वर्षभराचे चाळीसेक झगे होते. मे महिन्यात ते उतरवतात, हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सिदोनी विसरली.

चोवीस मेच्या सकाळी तिने निळा जरीचा झगा साराला घातला आणि तो थेट पायांशी येऊन पडला.

"म्हशीच्या मापाचा शिवलास की काय?" बेबेर म्हणाला.

"गप बसा! साराच वाळलीय."

मग एकच उपाय उरला. इतर बायकांचे झगे आधी चढू द्यायचे आणि सारा पुरेशी गुटगुटीत झाली की आपला वरून घालायचा. जन्मभर कोपरं मारून पुढे घुसणारी सिदोनी दाराशी उभी राहून म्हणू लागली, "या ना, आधी तुम्ही घाला!" बायकांना वाटलं, हिला ताप आलाय.

दुपारपर्यंत सदतीस झगे चढले. मेणबत्त्यांच्या धगीने सगळ्यांचा घाम निघाला. निळा झगा मात्र अजून खांद्यावरून घसरतच होता. वर चर्चमध्ये गाणी सुरू झाली, खांदेकरी जिन्यात येऊन थांबले. तळघरात झगा असलेली एकच बाई उरली होती, ओदिल. तीही शेवटच्या पाळीसाठीच अडून बसली होती, कारण वरचा झगाच सगळ्यांना दिसतो.

"वन्सं, आधी तुम्ही," सिदोनी सहा वर्षांनी बोलली.

"छे गं, आधी तू. तू मोठी सुगरण."

"तुम्ही वयाने मोठ्या."

"म्हणून तर मी मागे!"

"अगं, उचलायची का साराला?" जिन्यातून बेबेर ओरडला.

सिदोनीला रडू फुटलं. "तुमच्याचसाठी नवस बोलले होते हो मी! तुम्ही दवाखान्यात पडला होतात तेव्हा! आता हा झगा नाही गेला तर तुमच्या पोटाचं काय होईल, मला काय माहीत!"

ओदिलने आधी पोट धरलं, मग भावजयीकडे पाहिलं. "अगं बाई, म्हणजे मी जगले ते हिच्यामुळे! आता मरेपर्यंत हेच ऐकायचं!" असं म्हणत तिने आपला लाल झगा साराला चढवला. त्यावर निळा बसला. गळा बोटभर सैल राहिला, तेव्हा ओदिलने स्वतःच्या रुमालाची पिन काढून लावली.

सारा निळ्या झग्यात समुद्रात शिरली. मागोमाग दोघी कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या. ओदिलने सिदोनीचा दंड घट्ट धरला होता.

"सिदोनी," ओदिल म्हणाली, "त्या रश्श्यात लसूण होता गं. मीच उगाच बोलले."

सिदोनीने नाक पुसलं.

"नव्हता वन्सं. विसरलेच होते मी."